आजीच्या हृदयाची जुनी सवय

गंजून अडणाऱ्या दाराच्या जागी अलगद उघडणारं नवंकोरं दार बसवलं, तर घरातल्यांचं येणं-जाणं सोपं होईल की अवघड? सोपंच होईल, असं कुणीही सांगेल. शरयूनेही तेच सांगितलं असतं. पण त्या दिवशी शिवसागर जलाशयाच्या ऐन मध्यावर तिच्या आजीच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं, आणि ते कोडं सुटेपर्यंत शरयूला एका जागी बसवेना.

तसं बसवत तर सकाळपासूनच नव्हतं. लाँचच्या बाकावर टेकली की तिचा उजवा पाय आपोआप हलायला लागे. मग ती उठे, खिडकीपाशी जाई, पाण्याकडे बघे, परत येई आणि आजीच्या पायांवरची शाल नीट करी. शाल सरकलेली नसली तरी.

“अगं, बस की एका जागी! भिंगरी लागलीया का पायाला?” भागीरथीआजी म्हणाली. “आपरेशन माझं झालंय का तुझं?”

ही लाँच म्हणजे तरंगता दवाखाना होता. कोयनेच्या पाण्याकाठी डोंगरांच्या कुशीत जी गावं आहेत, त्यांना रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून सरकारने ही लाँच सुरू केली होती. छतावर सौर पत्रे, आत दोन खाटा, औषधांचं कपाट, एक डॉक्टर आणि एक यंत्रमानव; लाँच चालवायचाही तोच. डॉक्टर म्हणजे निलोफर मुजावर. पाण्यावरची त्यांची ही पहिलीच नेमणूक. सगळे त्यांना डॉक्टरताई म्हणत. यंत्रमानवाला सरकारी कागदावर कसलासा लांबलचक क्रमांक होता, पण तो एकाच दांड्यावर उभा राही, त्याची मान लांब नि लवचीक होती, आणि मानेच्या टोकाला तपासणीचा निमुळता, चोचीसारखा दट्ट्या होता. खोऱ्यातल्या पोरांनी त्याला बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, बगळ्या.

शरयू, आजी आणि बाबा शहरातल्या मोठ्या इस्पितळातून घरी, देवखोलला निघाले होते. लाँचवर रुग्णाबरोबर एकालाच बसता येई. बाबांची मोटारसायकल होती, म्हणून ते वाहनं नेणाऱ्या मागच्या तराफ्यातून येणार होते. आई घरी होती, शरयूच्या महिन्याभराच्या भावाला घेऊन. त्यामुळे आजीची जबाबदारी शरयूची, असं बाबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. तेव्हापासून पाय हलत होता.

“बगळ्या,” शरयूने विचारलं, “आजीच्या छातीवर तर टाका नाही, जखम नाही. मग नवी झडप आत गेली कुठून?”

बगळ्याने मान तिच्याकडे वळवली. “जांघेतून. तिथे एक धमनी (हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी) असते. तिच्यातून कॅथेटर (लांब, बारीक, लवचीक नळी) हृदयापर्यंत सरकवला. नळीच्या टोकाला नवी झडप छत्रीसारखी मिटवून बसवलेली होती. जुन्या झडपेच्या मधोमध पोचल्यावर ती उघडली. जुनी झडप कडेला दाबली गेली आणि नवी कामाला लागली.”

“आणि जुनीला झालं काय होतं?”

“हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला डावं निलय म्हणतात. ते मुठीसारखं आवळतं आणि रक्त महाधमनीत (शरीराची सर्वांत मोठी धमनी) ढकलतं. या दोघांच्या मधे झडप असते. आपल्या आजींच्या झडपेवर चुन्यासारखे थर साचले होते. ती पुरती उघडत नव्हती.”

“चुना!” आजी खाटेवरून म्हणाली. “पान न्हाई, तंबाखू न्हाई, आन् चुना कुठनं आला मेला?”

“तो चुना नाही, आजी, कॅल्शियम,” डॉक्टरताई हसल्या. “वयानुसार साचतं.” मग त्यांनी त्यांच्या यादीतला नेहमीचा प्रश्न विचारला, “पाणी प्यायलात ना निघताना?”

“प्याले की. तांब्याभर प्याले.”

बगळ्याने ते नोंदवलं. शरयूने आजीकडे बघितलं. आजीने शालीखालून तिचा हात दाबला.

कारण आजी पाणी प्यायलीच नव्हती. आदल्या संध्याकाळपासून घोटभरसुद्धा नाही. आजीचा एक नियम होता, आणि तो तिने शरयूच्या आईला शिकवला होता, शरयूलाही शिकवला होता. बाईमाणसाने प्रवासाला निघायचं तर पाणी प्यायचं नाही. तरुणपणी आजी करवंदं, जांभळं, मध घेऊन जुन्या लाँचने बाजाराला जायची. सकाळी निघायचं, सांजेला परतायचं, लाँचवर गडीमाणसांची दाटी, बाजारातही आडोसा नाही. मग करायचं काय? पाणीच प्यायचं नाही. तहान लागली तर चिंचेचा तुकडा तोंडात धरायचा. असं करत करत आजीला तहान लागेनाशीच झाली होती, असं ती अभिमानाने सांगायची.

त्यात घाटातल्या वळणांनी सकाळी तिला जीपमध्ये दोनदा उलटी झाली. शरयूने पिशवी धरली होती. “तुझ्या बाला सांगू नगं हां,” आजी तेव्हा तोंड पुसत म्हणाली, “न्हायतर फिरीवल माघारी. मला माझ्या घरी जायचंय, शरू. बाळाला बघायचंय.” शरयूने मान हलवली होती. शपथ नव्हती घातली, पण मान हलवणं म्हणजे शब्द देणंच की.

लाँच पुढे चालली होती. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकत आले. वारा सुटला आणि पाण्यावर बारक्या लाटा उठल्या. खिडकीतून आजीला काहीतरी दिसलं आणि तिचा चेहरा उजळला.

“शरू, ती बघ! ती आपल्या देवखोलची—”

बोट दाखवायला म्हणून ती खाटेवरून उठली. वाक्य पुरं झालं नाही. बोट तसंच हवेत राहिलं, गुडघे वाकले, आणि आजी खाटेवर बसली ती आडवीच झाली. कपाळावर घामाचे थेंब आले. ओठ पांढुरके पडले.

“आजी!”

“रक्तदाब घसरला आहे,” बगळ्या म्हणाला. आजीच्या छातीवर चिकटवलेल्या चकतीवरून त्याला सगळं कळत असे. “वरचा आकडा ऐंशी. ठोके घाईचे.”

डॉक्टरताई एका उडीत खाटेपाशी आल्या. आजीची नाडी धरली, डोळे बघितले, छातीला नळी लावून ऐकलं. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं भराभर बोलत होत्या, पण शरयूला सगळं ऐकू येत होतं.

“झडप बसवल्यावर काय काय बिघडू शकतं? क्वचित बिघडतं, पण बिघडतं. एक, नवी झडप जागची सरकली. दोन, हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलं आणि हृदय दाबलं गेलं. तीन, ठोक्यांचा इशारा नेणाऱ्या तंतूंना धक्का बसला. बगळ्या, ठोके?”

“जलद आहेत, पण एकही चुकत नाही.”

“म्हणजे तीन नाही. चित्र काढ हृदयाचं. आणि इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लाव.”

“या खोऱ्यात संपर्क नाही. देवखोलच्या धक्क्यावर मिळेल.”

बगळ्याने चोच आजीच्या छातीवर टेकवली. त्या चोचीतून श्राव्यातीत ध्वनिलहरी (माणसाला ऐकू न येणारे आवाज) आत जात, हृदयावर आपटून परत येत, आणि त्यांवरून हवेत हृदयाचं निळसर, हलतं चित्र उमटे. पण लाटा लाँचला हलवत होत्या, मोटरीची थरथर खाटेपर्यंत येत होती, आणि चित्र पाण्यातल्या सावलीसारखं फुटत होतं.

“झडप जागेवर दिसते,” डोळे बारीक करून डॉक्टरताई म्हणाल्या. “बाहेर रक्त साचलेलंही दिसत नाही. मग दाब का पडतोय?”

“नियम असा आहे,” बगळ्या म्हणाला, “रक्तदाब पडला आणि अन्य कारण सापडले नाही, तर हृदयाचा जोर वाढवणारे औषध द्यावे.”

डॉक्टरताईंनी क्षणभर ओठ चावला. मग आजीच्या हाताला सुई लावली आणि औषधाचे अगदी थोडे थेंब सोडले. शरयू खाटेच्या दांडीला धरून उभी होती. आता आजीच्या हृदयात ताकद येणार, आकडा चढणार. ती पडद्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून राहिली.

ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. बहात्तर.

“खाली का चाललाय?” शरयू ओरडली. “तुम्ही तर ताकद दिली ना!”

आजीने डोळे उघडले, पण ते कुणावर ठरेनात. “अंधारी आली गं,” ती पुटपुटली.

“नियमानुसार आता मात्रा वाढवायला हवी,” बगळ्या म्हणाला.

“थांब!” डॉक्टरताईंनी औषधाचा खटका बंद केला. “ताकद दिली आणि ताकदच गेली. काहीतरी उलटं आहे इथे. मला नीट बघू दे. लाँचची मोटर बंद कर.”

“मोटर बंद केली तर वारा आपल्याला धक्क्यापासून दूर नेईल.”

“माहितेय मला! बंद कर म्हटलं ना!”

थरथर थांबली. एकदम सगळं इतकं शांत झालं की लाटा लाँचच्या कुशीला चापट्या मारत होत्या तेवढंच ऐकू येत होतं. खिडकीतली देवखोलची टेकडी हळूहळू बाजूला सरकायला लागली.  आपण घरापासून लांब चाललोय, आजी आपल्या हातात आहे, आणि आपल्याला काहीच करता येत नाही. तिचे दोन्ही पाय हलत होते आता.

हवेतलं चित्र मात्र स्थिरावलं. निळं हृदय, जाड भिंतींचं. ते आवळत होतं, सुटत होतं, पुन्हा आवळत होतं. काय घाई! काय जोर! दर वेळी दोन्हीकडच्या भिंती एकमेकींवर आपटत होत्या आणि मधे फटसुद्धा उरत नव्हती.

“हे थकलेलं हृदय नाहीच,” डॉक्टरताई हळूच म्हणाल्या. “हे गरजेपेक्षा जास्त जोर लावतंय. आणि बघ, आत रक्तच पुरेसं नाही. भिंती चिकटतात आणि बाहेर जायची वाट तिथेच बंद होते. झडपेच्या अलीकडेच.” त्या झटकन वळल्या. “बगळ्या, यांच्या पोटात सकाळपासून किती पाणी गेलं?”

“रुग्णाच्या सांगण्यानुसार तांब्याभर. ते पुरेसे आहे.”

डॉक्टरताईंचा हात सलाईनच्या पिशवीकडे गेला होता, तो अर्ध्यात थांबला. “पाणी पुरेसं गेलंय तर आत रक्त कमी का? दुसरीकडे कुठे रक्तस्राव होतोय का? आणि या जाड हृदयाला नको असताना मी भसाभसा पाणी भरलं, तर ते फुप्फुसांत उतरेल. श्वास कोंडेल त्यांचा.”

आजीची बोटं शरयूच्या मनगटाभोवती होती. त्या बोटांत आता ताकद नव्हती, तरी ती किंचित आवळली गेली. सांगू नगं.

 सांगितलं तर आजीला दिलेला शब्द मोडतो. आजी परत इस्पितळात जाते. चारचौघांत आजीची लाज जाते. आणि नाही सांगितलं तर?

“ती खोटं बोलली!” शरयू म्हणाली, आणि मग शब्द थांबेचनात. “पाणी नाही प्यायली ती. काल संध्याकाळपासून नाही. आणि घाटात दोनदा उलटी झाली, मी पिशवी धरली होती. प्रवासात बाथरूमला जावं लागू नये म्हणून पीत नाही ती. कधीच पीत नाही. मीपण नाही प्यायले!”

वाटलं होतं डॉक्टरताई रागावतील. त्यांनी फक्त एकदा डोळे मिटले आणि उघडले.

“शाबास,” त्या म्हणाल्या. “चल, आता कामाला लाग. आजीचे पाय उचल. तुझ्या खांद्यावर घे. अजून वर. हां, असं! पायांतलं रक्त हृदयाकडे उतरू दे.”

शरयू खाटेच्या टोकाला उभी राहिली. आजीच्या टाचा तिच्या दोन खांद्यांवर, थंडगार, भेगा पडलेल्या. डॉक्टरताईंनी सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी) जोरात सोडलं. मग दुसरी एक बारकी सुई भरली.

“हे कसलं?” शरयूने घाबरून विचारलं. “परत ताकदीचं?”

“उलट. हृदयाला शांत करणारं. ते सावकाश चाललं की दोन ठोक्यांच्या मधे त्याला भरायला वेळ मिळेल.”

“पण दाब पडलेला असताना हृदय सावकाश करायचं? उलटं नाही का ते?”

“उलटंच आहे. म्हणून तर चुकायला होतं. मीही आत्ता चुकणारच होते.” त्या आकड्याकडे बघतच बोलत होत्या. “हे बघ. आजीची जुनी झडप कितीतरी वर्षं धड उघडत नव्हती. हृदय बिचारं जोर लावून लावून रक्त ढकलायचं. व्यायाम केला की पैलवानाचे दंड कसे भरतात? तशी हृदयाची भिंत जाड झाली. भिंत जाड झाली म्हणजे आतली जागा?”

“कमी झाली.”

“बरोबर. आणि परवा आपण नवी झडप बसवली. वाट एका क्षणात मोकळी. पण हृदयाला कुठे माहितेय वाट मोकळी झाली ते? ते आपलं जुन्या सवयीने ढकलतंच आहे, जणू दार अजून बंद आहे. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. फार थोड्यांच्या हृदयात, जिथे भिंत जाड आहे आणि वाटेत फुगवटा आहे, तिथे हे आवळणंच इतकं होतं की भिंती एकमेकींना भिडतात. रक्ताचा झोत जोरात निघाला की तो शेजारच्या झडपेचा पडदाही वाटेत ओढून घेतो. रक्त आतच अडकतं.”

शरयूने मान वर केली. “कागदाच्या नळीसारखं?”

“कुठल्या नळीसारखं?”

“शहाळ्यात घालतात ना, ती. ओली झाली की मऊ पडते. मग जोरात ओढलं की चिकटते आणि काहीच येत नाही. अजून जोर लावला तर अजूनच चिकटते. मग हळू ओढायचं. हळू ओढलं की येतं पाणी.”

डॉक्टरताई पहिल्यांदा आकड्यावरून नजर काढून तिच्याकडे बघायला लागल्या. “अगदी तसंच,” त्या म्हणाल्या. “जोराचं औषध म्हणजे अजून जोरात ओढणं. आणि शहाळ्यात पाणीच तळाला गेलं असेल, तर?”

“मग अजूनच चिकटते. म्हणजे... म्हणजे आजीने पाणी प्यायलं असतं, तर हृदय भरलेलं राहिलं असतं. भिंती लांब राहिल्या असत्या!”

“चौऱ्याहत्तर,” बगळ्या म्हणाला.

दोघींनी एकदम आकड्याकडे बघितलं.

“ऐंशी.”

शरयूचे खांदे दुखत होते. तिने आजीचे पाय अजून वर उचलले. टेकडी खिडकीतून दिसेनाशी झाली होती, तिच्या जागी नुसतं राखाडी पाणी होतं, पण तिला त्याचं काही वाटेना. तिचं सगळं लक्ष हवेतल्या निळ्या चित्रात होतं. भिंती अजून आवळत होत्या, पण आता मधे एक बारीक काळी फट उरत होती. मग ती फट रुंद झाली. मग तिच्यातून लाल रेघ वर गेली, नव्या झडपेतून पार महाधमनीत. एकदा. पुन्हा. पुन्हा.

“गेलं!” शरयू किंचाळली. “रक्त गेलं वर!”

“अठ्ठ्याण्णव. ठोके मंदावत आहेत. एकशे सहा.”

डॉक्टरताई जमिनीवरच बसल्या, पाठ कपाटाला टेकवून. त्यांचे केस विस्कटले होते. “मोटर चालू कर, बगळ्या,” त्या म्हणाल्या. “हळू ने.”

आजीचा रंग परत येत होता. तिने डोळे उघडले, आपले पाय कुठे आहेत ते बघितलं, आणि गडबडून म्हणाली, “अगं बया! लुगडं वर झालं असंल की माझं! खाली ठेव पाय!”

“शाल आहे गं वरून,” शरयू म्हणाली, आणि तिला एकदम रडूच फुटलं. “आजी, मी सांगितलं. सगळं सांगितलं.”

 आजीने सुई नसलेला हात पुढे केला आणि शरयूचं नाक शालीच्या टोकाने पुसलं.

“ऐकलं मी,” ती म्हणाली. “कान न्हवते गेले.” जरा थांबून, तोंड वाकडं करत, “लईच घसा फाडून सांगितलंस पण. बाथरूमचं बी.”

“माझा एक प्रश्न आहे,” बगळ्या मधेच म्हणाला. त्याची मान खाली झुकली होती. “माझा नियम चुकीचा होता का?”

“नियम पुष्कळांसाठी बरोबर आहे,” डॉक्टरताई म्हणाल्या. “या हृदयासाठी चुकीचा होता. आणि आपण विचारलं काय? पाणी प्यायलात का. त्यावर कुठली आजी नाही म्हणेल? का पीत नाही, ते आपण विचारलंच नाही.”

“तो प्रश्न मी नियमांत घालतो. सगळ्या लाँचवरच्या यंत्रमानवांना पाठवतो.”

“धक्का आला की पाठव. आणि मोठ्या डॉक्टरांना हे चित्रही.” त्या आजीकडे वळल्या. “आज घर नाही हं आजी. देवखोलच्या उपकेंद्रात मुक्काम. मोठे डॉक्टर पडद्यावरून बघतील, गरज पडली तर परत न्यावं लागेल. बाळाला तिथे आणायला सांगू. पण ऐका, ही अडचण कायमची नाही. झडप आता नीट उघडतेय, म्हणजे हृदयाला जोर लावायची गरज नाही. हळूहळू त्याला ते कळतं. महिने जातात, पण भिंत पातळ होत जाते. तोवर गोळी वेळेवर, आणि पाणी घोट घोट, मी सांगेन तेवढं.”

“म्हंजी त्याला बी सवय मोडायला येळ लागणार,” आजी म्हणाली.

“लागणारच. जुनी सवय आहे.”

आजी छताकडे बघत पडून राहिली. सलाईनची पिशवी जवळजवळ रिकामी झाली होती. आजीने एकदा शरयूकडे बघितलं, एकदा बगळ्याकडे, मग पुन्हा शरयूकडे. तिच्या कपाळावर आठी आली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

“काय होतंय?” शरयूचा पाय पुन्हा हलायला लागला. “दुखतंय का? अंधारी येतेय?”

“न्हाई गं.” आजीने आवाज अगदी बारीक केला. “डाक्टरबाई, ह्या लाँचीत... आडोसा हाय का कुटं? मला जरा... जायला लागतंय.”

डॉक्टरताई चटकन उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “अहो, ही तर चांगली बातमी! मूत्रपिंडांना (रक्त गाळून लघवी तयार करणाऱ्या अवयवांना) पुन्हा पुरेसं रक्त पोचतंय, त्याची खूण आहे ही. उठायचं मात्र नाही आज, भांडं आणते, पडदा ओढते. आणि आडोसा काय म्हणता, अख्खं बाथरूम आहे की मागे! दिव्याचं, नळाचं.”

“हाय?” आजीचे डोळे मोठे झाले. “ह्या लाँचीत?”

“पहिल्यापासून आहे.”

“आन् मला कुणी सांगितलं न्हाई!”

“तुम्ही विचारलं नाहीत,” बगळ्या म्हणाला.

“तू गप रे, लांब मानेच्या!” आजी कडाडली, आणि बगळ्याने मान मागे घेतली.

लाँच देवखोलच्या धक्क्याला लागली, तेव्हा पलीकडे तालुक्याला तपासणीसाठी निघालेल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल, एक पोटुशी, एक अगदी म्हातारी. उपकेंद्राच्या माणसांनी आजीला स्ट्रेचरवरून उतरवलं. बगळ्याने दारातून मान बाहेर काढली आणि आपला नवा प्रश्न तिथल्या तिथे वापरायला काढला.

“नमस्कार. आपण शेवटचे पाणी केव्हा प्यायलात? प्यायला नसाल, तर का नाही?”

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. पदर तोंडाला गेले. “काय विचारतोय गं हा!” “पिलोय की, पिलोय.” “तांब्याभर!”

स्ट्रेचरवरची आजी कोपरावर उठू बघायला लागली. “अगं ए सुंदरे! रखमाई! खोटं बोलू नगा त्याच्याशी! मी बोलले, आन् मरता मरता वाचले! आत संडास-बाथरूम हाय, नळाला पाणी हाय. प्या खुशाल!”

“आजी, जोर नको!” डॉक्टरताई ओरडल्या. “जोर कमी!”

“हां हां. कमी करते,” म्हणत आजी आडवी झाली, आणि तशीच, हळू आवाजात, पुन्हा एकदा म्हणाली, “प्या गं बायांनो.”

हसू थांबलं होतं. बायका लाँचकडे बघत होत्या, पण पुढे कुणी येईना. स्ट्रेचर उपकेंद्राकडे निघालं. शरयूही त्याच्यामागे निघाली, तेवढ्यात कुणीतरी तिच्या बाहीला धरलं. ती पोटुशी बाई होती. वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं,

“आतनं कडी लागते का गं, पोरी?”

“लागते,” शरयू म्हणाली. “चला, दाखवते.”